जुईबंदरचे पाहुणे

॥ श्री एकवीरा प्रसन्न ॥

खोपट, ठाणे
ता. ४ नोव्हेंबर १९५१

चि. सौ. रतनला दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र पोचलं. ‘ठाण्याची हवा वहिनीला मानवली की वहिनी हवेला’ हा तुझा प्रश्न मी चित्राला मोठ्याने वाचून दाखवला. ती हसली आणि मग दिवसभर माझ्याशी बोलली नाही. पुढच्या वेळी असले प्रश्न वेगळ्या चिठ्ठीवर लिहीत जा.

बातमी अशी की आपल्या जुईबंदराचं नशीब उघडलं. ज्यांच्या कचेरीत मी पत्रव्यवहार बघतो ते आमचे शेठ मागच्या महिन्यात सहज म्हणून माझ्याबरोबर होडीने आले होते, ते आठवत असेल. तू त्यांना चिंबोऱ्यांचं कालवण वाढलंस आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी काढलंस. वाळू, माड आणि समोरची खाडी बघून ते मला म्हणाले की दौलत, हे तुझं गाव आहे आणि तू इतकी वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलंस? मुंबईच्या माणसाला शनिवार-रविवार मोकळी हवा हवी असते आणि लांब जायला सवड नसते. दिवा स्टेशनला गाडीतून उतरायचं, होडीत बसायचं, की आलं आपलं बंदर. किनाऱ्याची जागा सरकारी, ती शेठनी रीतसर पट्ट्याने घेतली. कौलारू बंगल्या, जेवणघर आणि एक छोटा धक्का होणार. नाव ठेवलंय ‘जलविहार’. देखरेख माझ्याकडे. म्हणजे दर शनिवारी तुझा दादा गावात! गणूदाजींना सांग की पाहुण्यांची ने-आण त्यांच्याच होडीने व्हायची आहे, तेव्हा होडीला रंग द्या आणि स्वतः दाढी करा.

आता एक छोटंसं काम. समोरच्या वाळूवर जवळा वाळत घालायचा तो आता मागे, खारजमिनीकडे घालावा. मला तो वास आला की घर आठवतं. पण परक्या माणसाला तो सोसत नाही, त्याला इलाज नाही. आईला तू समजाव. मी सांगायला गेलो की ती माझं शिक्षण काढते.

नंदाला माझा आशीर्वाद. लोभ आहेच, तो असाच वाढता राहू दे.

तुझा
दौलतदादा


जुईबंदर
ता. २० जानेवारी १९५२

ती. दादास रतनचा शि. सा. न.

वि. वि. इकडे सर्व खुशाल. तुझा हुकूम पाळला, जवळा मागे नेला. तिथली जमीन ओलसर, ऊनही उशिरा लागतं. पहिले दोन घाणे कुजले. फेकून दिले तर बदकंसुद्धा फिरकली नाहीत. आई म्हणाली की वाळू काय शेठच्या बापाने वाहून आणली होती का. मी म्हटलं, आये, दादाच्या नोकरीचा प्रश्न आहे. तुझं नाव काढलं की तिची जीभ लुळी पडते, हे तुला ठाऊक आहे म्हणूनच तू मला पुढे करतोस.

पाहुण्यांचं म्हणशील तर गावाला चांगली करमणूक झाली आहे. परवा एक बाई गुडघ्याच्या वर कपडे घालून पाण्यात उतरली. आपल्या बायका जाळी शिवायचं निमित्त करून किनाऱ्यावर बसल्या आणि कुणाच्याच सुईत दोरा नव्हता. मी चिंबोऱ्या उकडून पानावर विकते. फोडायच्या कशा ते लोकांना शिकवावं लागतं. एका टोपीवाल्याने टोपलीतल्या जिवंत चिंबोरीला हात लावला, तिने त्याचा अंगठा नांगीत धरला, तर तो आईला हाका मारायला लागला. नंदाचा बाप होडीतून येताना पाहुण्यांना खाडीतल्या मगरींच्या गोष्टी सांगतो, आणि तो भाव खातो म्हणून मला हसू येतं. खोटं कशाला लिहू, मला मजा वाटते आहे.

आई ओट्यावर बसली की पाहुणे तिचा फोटो काढतात. आधी पदर तोंडावर घ्यायची. आता यंत्र दिसलं की पाठ ताठ करून बसते. पण आजवर कुणी तिला एकही फोटो आणून दिला नाही. विचारत होती की माझी एवढी तोंडं नेतात, ती ठेवतात तरी कुठे?

आणि दादा, तुमच्या जेवणघरातल्या किटल्यांत चहा नसतो हे आम्हाला कळतं बरं. चहा पिऊन कुणी नारळाच्या झाडाला मिठी मारून रडत नाही. दारूबंदीचे दिवस आहेत, जपून राहा.

वहिनीस नमस्कार. आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझी
रतन


खोपट, ठाणे
ता. ११ ऑक्टोबर १९५३

चि. सौ. रतनला अनेक आशीर्वाद.

वि. वि. पावसाळा संपला, पुढच्या आठवड्यापासून पाहुणे सुरू. या वर्षी शेठनी आणखी सहा बंगल्या बांधल्या आहेत. तुझ्या घरावर कौलं त्यांच्याच कृपेने चढली, हे गावाने विसरू नये. या खेपेला गोष्टी नीट ठरवून घ्यायला हव्यात, म्हणून सविस्तर लिहितो.

जाळी लावायला खाडीत खुंट ठोकतात, ते धक्क्याच्या दोन्ही बाजूंचे काढावे लागतील. गेल्या साली एका पाहुण्याचा पाय चिरला. दाजींना होडीचं काम आहेच, त्यांना आता खुंटांशी काय करायचं?

शनिवारी संध्याकाळी लग्नातली गाणी आणि नाच ठेवायचा. आपल्या पोरींना सवय आहे, कुणी शिकवायला नको. नंदा आता लग्नाची झाली, सगळ्यांत उठून दिसते, तिने पुढे उभं राहावं. घरच्या घरात नाचणं आणि चार सभ्य माणसांपुढे नाचणं यांत मला तरी फरक दिसत नाही.

तिसरं जरा नाजूक आहे. उंडीच्या झाडाखालची आपली मसणवट पाहुण्यांच्या सज्जातून समोर दिसते. मार्चमध्ये म्हाताऱ्या बुधाजीला तिथे अग्नी दिला तेव्हा तीन कुटुंबं जेवण टाकून निघून गेली. यापुढे पलीकडच्या काठावर न्यायचं, असं शेठनी पंचांशी बोलून पक्कं केलं आहे. बायका कुरकुरतील. त्या आईचं ऐकतात, आणि आई तुझं.

रागावू नकोस. सुधारणेला थोडी जागा करून द्यावी लागते. ममता असू दे.

तुझा
दौलतदादा


जुईबंदर
ता. २ नोव्हेंबर १९५३

ती. दादास शि. सा. न.

वि. वि. तू सांगितलेलं सगळं केलं. खुंट उपटले. त्या संध्याकाळी नंदाचा बाप पाहुण्यांच्या किटलीत उरलेलं पिऊन आला. आता रोजच येतो. जाळी माळ्यावर टाकली आहेत, उंदीर कुरतडतात.

नंदा नाचते. पहिल्या शनिवारी लाजली, दुसऱ्या शनिवारी लाजली नाही. लोक टाळ्या वाजवतात तेव्हा तिचं तोंड असं उजळतं की मला आनंद व्हावा की भीती वाटावी, कळत नाही.

मसणवटीचं मी आईकडे काढलं. ती सुकट निवडत होती, ती निवडतच राहिली. मग म्हणाली की बाकीच्यांचं पंचांनी ठरवलं असेल, माझं मी ठरवते. तुझ्या बापाला जिथे दिला तिथेच मला द्यायचं. तिने माझ्याकडून वचन घेतलं. दादा, गेल्या हिवाळ्यापासून तिला दम लागतो, ओट्याची पायरी चढवत नाही. मी तुझी तीन कामं केली. तू माझं हे एक कर. शेठना सांगून ठेव, एका म्हातारीपुरतं. नंतर खुशाल झाड तोडा.

वहिनीसाठी सोडे पाठवते आहे. शेजाऱ्यांना वास येईल म्हणून तळू नका, असं ती म्हणेल, तरी तळा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रतन


जुईबंदर
ता. २१ फेब्रुवारी १९५५

दादास रतनचा नमस्कार.

तुझं सांत्वनाचं पत्र मिळालं. त्यात तू लिहिलंस की आईचं सगळं शांतपणे, नीट पार पडलं. तू धावपळीत होतास, तुला सगळं दिसलं नसेल. मी आत बसले होते. मी काय पाहिलं ते लिहिते.

रविवारी सकाळी तिने पेज मागितली. मी ती घेऊन आले तोवर ती गेली होती. पाहुण्यांनी सगळ्या बंगल्या भरल्या होत्या, मुंबईचे कुणी मोठे साहेब आले होते. नंदा तुला बोलवायला धावली. तू मागच्या दाराने आलास. आईच्या पायांवर डोकं ठेवून रडलास; खरं रडलास, ते मी नाकारत नाही. मग डोळे पुसलेस आणि म्हणालास की संध्याकाळची होडी पाहुण्यांना घेऊन जाईपर्यंत कुणी आवाज करू नका.

दादा, घरात आठ बायका होत्या. सगळ्यांनी पदराचे बोळे तोंडात कोंबले. रंगूबाई आईची बाळपणापासूनची मैत्रीण, तिला आवरेना, तर तू तिला हाताला धरून कोठीत नेलंस आणि बाहेरून कडी लावलीस. दुपारी साहेबांना नाच बघायचा होता. तू नंदाला न्यायला आलास. मी तिचा हात धरला, तू तो सोडवलास आणि म्हणालास की दोनच गाणी. पाच झाली. आम्ही आत ढोल ऐकत होतो.

मग ती गोरीपान, काळ्या चष्म्याची बाई खिडकीशी आली. ओट्यावरच्या म्हातारीचा फोटो काढायचा होता तिला. तू तिच्या मागेच होतास. मला वाटलं, आता तू सांगशील. तू म्हणालास की आजी झोपली आहे, आवाज न करता घ्या. तिने खिडकीतून दोन फोटो घेतले, हात आत घालून माझ्या मुठीत एक नाणं ठेवलं आणि किती शांत झोप लागली आहे असं म्हणून गेली.

उंडीच्या झाडाचं मी तुला विचारलं. तू म्हणालास की शेठशी बोलायचं राहून गेलं. सव्वा वर्ष राहून गेलं.

पाहुणे गेल्यावर पलीकडच्या काठावर न्यायला आईला होडीत घातली. तोवर ओहोटी लागली होती. मधल्या गाळात होडी रुतली. पुरुष मांडीभर चिखलात उतरून ढकलत होते, होडी हलेना. भरती येईपर्यंत आम्ही तिच्याजवळ बसलो. चिलटं बसत होती, मी पदराने वारत होते. तेव्हा मला रडायची मोकळीक होती, पण रडू आलं नाही.

तू होडीत नव्हतास. साहेबांना स्टेशनवर पोचवायला गेला होतास.

रतन


खोपट, ठाणे
ता. १४ मार्च १९५५

चि. सौ. रतनला आशीर्वाद.

वि. वि. तुझं पत्र तीनदा वाचलं. दुःखात माणूस कडू बोलतो, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही. ती माझीही आई होती. पण त्या दिवशी तिथे रडारड झाली असती, तर पुढच्या शनिवारी एकही पाहुणा आला नसता, आणि ज्या चाळीस घरांच्या चुली आज जलविहारवर पेटतात त्या विझल्या असत्या. हा विचार करायला गावात दुसरं कोण होतं? तुम्हाला रडायला सगळा जन्म आहे. मला फक्त संध्याकाळपर्यंत हवं होतं.

तुला एक गोष्ट कळवायची आहे. त्या बाईंनी आठवणीने फोटो पाठवला. रतन, फोटो फार सुंदर आला आहे. खिडकीतून ऊन आलंय, आईच्या चेहऱ्यावर सुरकुतीसुद्धा दिसत नाही. आजवर इतके फोटो निघाले, पण आपल्या हाती आलेला हा एकच. चित्रा तो हातात घेऊन कितीतरी वेळ बसली होती. शेठना तर इतका आवडला की त्यांनी मोठा करून, काच घालून जेवणघरात लावला आहे. खाली लिहिलंय, ‘विश्रांती’. फोटोत ती गेलेली आहे हे त्यांना ठाऊक नाही आणि सांगायचं कारणही नाही.

सोबत तुझ्यासाठी एक प्रत ठेवली आहे. देवाजवळ लाव.

उरणच्या मंडळींनी नंदाची सोयरीक मोडल्याचं कळलं. पाहुण्यांपुढे नाचणारी पोरगी नको म्हणणारं घर आपल्यालाही नको. ती देखणी आहे, काळजी करू नकोस. राग सरला की लिही.

दौलतदादा


जुईबंदर
ता. ९ डिसेंबर १९५५

दादास,

काल चित्रावहिनी इथे येऊन गेली. दारात उभी राहून तिने नंदाच्या बापाला साऱ्या गावादेखत निमकहराम म्हटलं. शनिवारच्या धाडीत पोलिसांना बाटल्यांची जागा त्यानेच दाखवली असं तुम्हा दोघांना वाटतं. म्हणून हे पत्र. त्याला दोष देऊ नका. तो पिऊन ओट्याखाली पडला होता, त्याला दिव्याच्या पोलीस चौकीची वाटसुद्धा सापडली नसती.

मी गेले. टोपलीत बोईट घेऊन गेले, जमादाराच्या बायकोला विकले, आणि जमादाराला सांगितलं की शनिवारी या, जेवणघराच्या मागच्या हौदात बघा, आणि दौलतरावांना विचारा, किल्ली त्यांच्या कमरेला असते.

जेवणघरात मी आजवर शंभरदा गेले असेन. आईखाली बसून लोक कोंबडी खायचे. एकाने तिच्याकडे पेला उंचावला तेव्हा मी वाढपी म्हणून तिथेच उभी होते. त्यानंतर मी ठरवलं.

शेठ म्हणाले म्हणे की मला यातलं काही माहीत नव्हतं, सगळा त्या दौलतचा उद्योग. तू त्यांचं नाव घेतलं नाहीस असं वहिनी अभिमानाने सांगत होती. तुला शिक्षा होईल. मला वाटलं होतं, ते ऐकून मला बरं वाटेल.

जलविहारला टाळं लागलं आहे. गावातल्या बायका आता माझ्याशी बोलत नाहीत. पाणवठ्यावर मी गेले की हंडे उचलून चालू लागतात. एकटी रंगूबाई येते, ती तरी काय, तिला आता ऐकू येत नाही.

नंदा दोन दिवस जेवली नाही. मला वाटलं, मामासाठी. मग म्हणाली की शनिवारी आता मी काय करू?

रतन


केळवे रोडजवळ
ता. १८ ऑगस्ट १९५७

चि. सौ. रतनला दादाचे आशीर्वाद.

वि. वि. बऱ्याच दिवसांनी लिहितो. तुरुंगात तुझ्यावर रागवायला भरपूर वेळ होता. पहिले काही महिने रागावलोही. पण मला दुसरं आहे कोण? सुटलो त्या दिवशी फाटकाशी शेठची गाडी उभी होती. मी तोंड उघडलं नाही याची त्यांना जाण आहे. त्यांनी इथे खुल्या समुद्रावर नवीन जागा घेतली आहे, जुईबंदरच्या चौपट. तिकडच्या गाळाच्या खाडीत आपण वर्षं उगाच घालवली असं ते म्हणतात.

नंदा सुखरूप आहे. ती तुझ्याशी भांडून खोपटला चित्राकडे आली तेव्हा मी आत होतो. नाहीतर तुला विचारल्याशिवाय ठेवली नसती. आता तिला परत पाठवणं माझ्या हातात नाही. शेठ तिच्यावर खूश आहेत. नाच तर आहेच, पण खरं काम वेगळंच. इथल्या कोळणी वाळूवरचे बोंबील हलवायला तयार नव्हत्या. मी गेलो तर कोयते दाखवले. नंदा घरोघर गेली, त्यांच्या ओट्यावर बसली, त्यांच्या बोलीत बोलली, आपल्या गावाला कशी कौलं चढली ते सांगितलं. आठवड्यात किनारा मोकळा झाला. असा गोडवा तिने कुठून घेतला हे मी सांगायला नको.

दिवाळीत ती तुला भेटायला येते म्हणते आहे. तिला बोलू नकोस. चित्रा ठीक आहे. गणूदाजींना नमस्कार. जुनं धरून बसू नकोस, आमच्यावर मन असू दे.

तुझा
दादा


जुईबंदर
ता. ३० ऑक्टोबर १९५७

दादास रतनचा नमस्कार.

नंदा येऊन गेली. दोन रात्री राहिली. अंगाने भरली आहे, नायलॉनची साडी छान दिसते. बापाला तिने सदरा आणला. तो दिव्याला मालगाडीच्या डब्यांतून खडी उतरवतो, तिथे सदरा घालून काय करणार? पण त्याने घातला. मी कोलंबीचा भात केला होता. अर्धा खाल्ला आणि म्हणाली की आई, तुझ्या हाताला चव आहे. झोपायला मात्र ओट्यावर गेली. आत कोंदट वाटतं म्हणाली. मी काही बोलले नाही. तू लिहिलं होतंस ना, बोलू नकोस म्हणून.

निघाली त्या दिवशी मलाही डोंबिवलीच्या बाजारात मासे घेऊन जायचंच होतं. आताशा समोर जाळी लागत नाहीत, धक्का झाल्यापासून तिथे गाळ भरला. मी मुंब्र्याच्या लोकांकडून मासे घेते आणि विकते. म्हटलं, दिव्यापर्यंत बरोबर जाऊ. ती म्हणाली की तू हळू ये, मला घाई आहे. मी टोपली घेऊन मागून चालले. तिची पाठ बघत चालायला मला वाईट वाटलं नाही. तिची चाल थेट आईची आहे.

फलाटावर ती एका बाईशी आणि तिच्या नवऱ्याशी बोलत होती. तुमच्या नव्या जागेचे पाहुणे असावेत. फार हसून बोलत होती. मी जवळ गेले, टोपली खाली ठेवली. बाईने नाकाला रुमाल लावला आणि नंदाला विचारलं की ही तुझ्या ओळखीची आहे का. नंदाने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली की हो, आमच्या गावची मासेवाली आहे, मासे ताजे असतात हिचे.

बाईला जिताडा हवा होता. मी फडकं काढून दाखवला. कल्ले उघडून दाखवले. भाव सांगितला तो तिला जास्त वाटला. तेव्हा नंदा म्हणाली की मावशी, एवढा कसा, जरा नीट सांगा. घासाघीस तिनेच केली, बाईसाठी. मला मावशी म्हणत होती आणि अहोजाहो करत होती. इतक्या मानाने ती माझ्याशी जन्मात बोलली नव्हती.

मी दिला. पानात बांधला, वर सुतळी गुंडाळली, बाईंचे कपडे खराब होऊ नयेत म्हणून खालून आणखी एक पान लावलं. गाडी आली, ती चढली. खिडकीत बसली होती, पण दुसऱ्या बाजूच्या.

तुला यापुढे पत्र घालू नकोस असं लिहिण्यासाठी बसले होते. पण ती आजारी पडली, तिचं लग्न झालं, तिला काही झालं, तर मला दुसरं कोण कळवणार? तेव्हा घालत जा. लोभ आमच्यावर नसला तरी चालेल, तिच्यावर असू दे.

रतन